बिनडोळ्यांची फौज

सेनापतीचं बुबुळ गालावर पडलं, तेव्हा डॉक्टरांनी सर्वप्रथम ब्रशला शिव्या घातल्या.

डॉक्टर दातांचे. आठवडाभर ते लोकांच्या तोंडात हात घालत आणि रविवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून सैनिक रंगवत. सैनिक म्हणजे बोटाच्या पेराएवढे, राखाडी प्लास्टिकचे. खोक्यात येणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीतून त्यांची धडं, हात, मुंडकी कापून घ्यायची, चिकटवायची, रंगवायची, अशी एकेक करत फौज उभी करायची; आणि मग जेवणाच्या टेबलावर समोरच्याच्या फौजेशी फासे टाकून, टेपने अंतरं मोजून लढाई खेळायची, असा तो छंद. पन्नाशी ओलांडलेला सद्गृहस्थ हे करतो असं पेशंटांना कळलं तर ते आपापली दाढ घेऊन दुसरीकडे जातील, अशी डॉक्टरांना रास्त भीती होती. त्यामुळे दवाखान्यात या विषयाची वाच्यता नव्हती.

या कामात एक दंडक आहे. डोळे आधी, चेहरा नंतर. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, त्याच्या आत काळ्याचा त्याहून बारीक ठिपका. चुकला तर भोवती कातडीचा रंग भरताना झाकून टाकता येतो. डॉक्टरांनी गाल झाकला आणि पुन्हा नेम धरला. या खेपेला बुबुळ कपाळावर गेलं. त्याच्या पुढच्या खेपेला नाकावर. सेनापती आता गोवर आल्यासारखा दिसत होता.

ब्रश बदलून झाला. रंग पातळ करून झाला. दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला, खिडकी लावून घेतली, कारण वाऱ्यावरही संशय होता. सकाळच्या चहाचा दोष असावा म्हणून आठवडाभर चहा सोडला. मग पुढच्या रविवारी ते पुन्हा बसले, ब्रश सेनापतीच्या डोळ्यासमोर आणला आणि ब्रशऐवजी, बऱ्याच वर्षांनी, आपल्या हाताकडे पाहिलं.

हात हलत होता. फार नाही. झोपलेल्या मांजराचं पोट हलतं तितकाच. पण डॉक्टर त्याला थांब म्हणत होते आणि तो ऐकत नव्हता.

त्यांना वडील आठवले. वडिलांचा चमचा ताटावर वाजायचा. आधी नुसता वाजायचा, मग तोंडापर्यंत पोचेनासा झाला, मग तो दुसरं कुणीतरी धरायला लागलं. डॉक्टरांनी सेनापतीला खोक्यात आडवा केला, झाकण लावलं, आणि त्याच्यावर दुसरी दोन खोकी ठेवली. जणू काही तो उठून कुणाला सांगणार होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी हाताची परीक्षा घेतली. दातांच्या कामात अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची असते, म्हणजे हात स्थिर राहतो. टेकवली. राहिला. डॉक्टरांच्या जिवात जीव आला. तो पुढे तीन-चार आठवडे आत-बाहेर करत राहिला.

मग एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. मागची दाढ, बऱ्यापैकी किडलेली. डॉक्टरांनी बोट टेकवलं, ड्रिल सुरू केलं, आणि बोट ओल्या दातावरून किंचित सरकलं तसं ड्रिलचं टोक दाढ सोडून गालाशी ठेवलेल्या कापसाच्या गुंडाळीत घुसलं. कापूस टोकाभोवती गर्रकन गुंडाळला गेला. कापसाच्या पलीकडे गाल होता. पायाने बटण सोडेपर्यंत जो काही काळ गेला, त्यात डॉक्टर चांगलेच म्हातारे झाले.

"झालं का?" बाईंनी बोळ्याआडून विचारलं.

"झालंच," डॉक्टर म्हणाले.

दाढ त्यांनी पुरी केली, कशी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग आत जाऊन हात धूत राहिले. इतका वेळ धूत राहिले की सिस्टरने दार वाजवलं. "सर, पाणी संपेल."

त्या दिवसापासून अवघड दाढा डॉक्टर कॉलेजातल्या एका मित्राकडे पाठवू लागले. "तुमची केस जरा गुंतागुंतीची आहे, माझा मित्र यातला उस्ताद आहे." याचा परिणाम असा झाला की डॉक्टरांना अहंकार कसा तो नाही, अशी त्यांची ख्याती पसरली आणि पेशंट वाढले. प्रत्येक नव्या पेशंटाबरोबर डॉक्टरांचं धाबं नव्याने दणाणू लागलं. खुर्चीवर माणूस आडवा व्हायचा, विश्वासाने डोळे मिटायचा आणि आ करायचा. इतका विश्वास माणसाने माणसावर ठेवू नये, असं डॉक्टरांना वाटायचं.

तपासून घ्यायला हवं हे कळत होतं. दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर नसांचे एक डॉक्टर बसत. लिफ्टमध्ये भेटले की ते हसून मान हलवायचे. डॉक्टर हल्ली जिन्याने जात. दुखण्याला जोवर नाव नाही तोवर ते आपल्या घरी राहायला आलेलं नाही, नुसतं दारात उभं आहे, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत घेऊन येणाऱ्या पेशंटांना ते आजवर फैलावर घेत आले होते.

घरात मात्र सुबत्ता आली. कपाटात वर्षानुवर्षांचे न रंगवलेले सैनिक साठले होते. नवं खोकं आणायचं, उघडायचं, हुंगायचं, आता याला हात घालू म्हणायचं आणि ठेवून द्यायचं, ही पद्धत. बायको एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि घरातही वर्गासमोर उभी असल्यासारखी बोलत असे. ती त्या कपाटाला 'अनुशेष' म्हणायची. "सरकारचा भरून निघेल एक वेळ, तुमचा नाही निघायचा." तर तो अनुशेष आता झपाट्याने भरून निघू लागला. दर रविवारी डॉक्टर खोकी उपसत आणि टेबलाशी बसत. बायकोला वाटलं, माणूस मार्गाला लागला. किमान, ती तसं म्हणाली तरी.

ते खोक्यांतून काय निवडत होते, हे कुणी पाहिलं नाही. बंद शिरस्त्राणाचे घोडेस्वार. नाकापर्यंत टोपी ओढलेले मांत्रिक. मुखवटे घातलेले भालेकरी. आणि सांगाडे, सांगाड्यांची मोठीच्या मोठी पलटण. सांगाड्याला डोळ्याच्या जागी खोबण असते, तिच्यात काळा रंग सोडला की काम झालं. हाडांवरून कोरडा ब्रश भराभरा फिरवला की उंचवटे आपोआप उजळतात. त्या कामाला थरथर चालते, किंबहुना मानवते. एक राक्षस असा निघाला की त्याला तोंडच तोंड होतं, डोळे कारखान्यातूनच नव्हते. त्याच्यावर डॉक्टरांनी जीव ओतला.

उघड्या चेहऱ्याचा जो जो हाती लागेल तो परत खोक्यात. हळूहळू कपाटात एका बाजूला नुसते पाहणारे उरले आणि दुसऱ्या बाजूला न पाहणारे जमले. आपण हे का करतोय हे डॉक्टर स्वतःशी बोलत नव्हते. बरं चाललंय, एवढंच म्हणायचे. चहा पुन्हा सुरू झाला होता; हल्ली बायको कप अर्धाच भरून द्यायची. साखरेचं तिचं काहीतरी नवं खूळ असेल, म्हणून डॉक्टरांनी विषय काढला नाही. आजकाल ते कुठलाच विषय काढत नव्हते.

अशात मेहुण्याचा फोन आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचा. हा छंद डॉक्टरांना त्यानेच लावला होता आणि त्याबद्दल त्याच्या ताईने त्याला अजून माफ केलेलं नव्हतं.

"भावजी, दाढ ठणकतेय. डावीकडची खालची. गेले पंधरा दिवस उजवीकडून जेवतोय."

"पंधरा दिवस? मग आलास का नाहीस?"

"घाबरतो म्हणून. तुम्हाला माहितीये, दवाखान्याचा वास आला की माझे पाय उलट्या दिशेला चालतात."

डॉक्टरांनी घसा खाकरला. "हे बघ, माझा एक मित्र आहे, दाढांचं काम फार..."

"छे छे. दुसऱ्या कुणाचा हात मी तोंडात जाऊ देणार नाही. तुमचा हात म्हणजे कसा, पाण्यात सोडलेल्या होडीसारखा. लागतच नाही. मंगळवारी येतो. आणि रविवारी आधी लढाई. ताई सांगत होती, फौज तयार झालीये म्हणे. मरायच्या आधी मला जिंकून घेऊ द्या."

फोन ठेवल्यावर डॉक्टर बराच वेळ होडीचा विचार करत बसले. खालची दाढ. तिच्या मुळांच्या खालून ओठाची नस जाते. नस आणि मुळं यांच्यामध्ये कधी कधी कागदाएवढं हाड असतं. हे मेहुण्याला माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत असून उपयोग नव्हता.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरली, पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडल्या. दोघांमध्ये एक जुना करार होता, न रंगवलेला सैनिक मैदानात उतरवायचा नाही. मेहुणा सुजलेला गाल घेऊन आला होता, पण फौज मांडताना त्याची चर्या पोराच्या बारशाला आल्यासारखी होती. धनुर्धारी टेकडीवर, भालेकरी खाली, सेनापती मधोमध, झेंडा घेऊन. मग त्याने डॉक्टरांची बाजू पाहिली.

"भावजी, तुमचे धनुर्धारी कुठायत?"

"नाहीत."

"नाहीत कसे? गेल्या वाढदिवसाला मीच दिलेत की खोकंभर."

"या वेळी जवळून लढायचं ठरवलंय."

"जवळ येईपर्यंत जिवंत राहिलात तर. आणि सेनापती?"

"हा." डॉक्टरांनी एका घोडेस्वाराकडे बोट दाखवलं आणि बोट लगेच मागे घेतलं.

"याचं शिरस्त्राण बंद आहे. तुमचा तो झगझगीत लाल झग्याचा सेनापती? वर्षभर त्याचं कौतुक सांगत होतात."

"आजारी आहे," डॉक्टर म्हणाले. मेहुणा हसला. डॉक्टर हसले नाहीत.

खेळ सुरू झाला. फासे टाकण्यापुरता हा खेळ डॉक्टरांच्या सोयीचा होता. फासे खुळखुळवताना हात हलला तर कुणी विचारत नाही. पण सांगाडे पुढे सरकवायची पाळी आली. टेप ओढून अंतर मोजायचं होतं. टेपची पट्टी डॉक्टरांच्या हातात होती, तिचं टोक पलटणीच्या वर तरंगत होतं, आणि ते तरंगणं थांबत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या सांगाड्याला टोक लागलं. तो मागच्यावर पडला. मागचा त्याच्या मागच्यावर. अख्खी रांग अशी झोपली की वाटावं, कुणीतरी हुकूम सोडला.

मेहुणा एकेक सांगाडा उचलून उभा करू लागला. उभा करताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने एक घोडेस्वार उचलला, फिरवून पाहिला. मग मांत्रिक. मग भालेकरी. मग तो राक्षस. मेहुण्याच्या नोकरीतली ही नजर त्यांनी ऐकली होती, पाहिली नव्हती. दाव्यात काय लिहिलंय ते तो नंतर वाचायचा, काय लिहिलेलं नाही ते आधी.

आतून स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती. मेहुण्याने आवाज खाली आणला.

"भावजी, यात एकालाही डोळे नाहीत."

"सांगाड्यांना नसतातच."

"म्हणून सांगाडेच घेतलेत."

डॉक्टरांनी फासे उचलले आणि परत ठेवले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, मी रोज हे ऐकतो. काय कधीपासून, कुठली गाडी, कसला ब्रेक. माझ्याशी नका करू."

"दवाखान्यात बोट टेकवता येतं," डॉक्टर घाईने म्हणाले. "दातावर टेकवलं की थांबतो. इथे हवेत असतो म्हणून."

"आणि नाही थांबला तर?"

"आजवर थांबलाय." शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांच्या डोळ्यांसमोर आ करून पडल्या होत्या. "जवळजवळ."

मेहुण्याचा हात आपोआप सुजलेल्या गालावर गेला. "जवळजवळ," तो म्हणाला.

एवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि दोघेही एकदम युद्धात गुंतले. "कोण जिंकतंय?" तिने विचारलं. "अजून कळत नाहीये," भाऊ म्हणाला. मेहुण्याचा कप काठोकाठ होता, डॉक्टरांचा अर्धा.

मंगळवारी सकाळी मेहुणा दवाखान्यात आला तो रांगेत पहिला. खुर्चीत बसला, सिस्टरने त्याच्या गळ्याशी प्लास्टिकचा रुमाल बांधला आणि ती बाहेर गेली, तसा त्याने खिशातून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लाल झग्याचा सेनापती. डाग पडलेलं तोंड त्याने पांढऱ्या रंगाने सपाट केलं होतं. सोबत काळ्या रंगाची बाटली आणि बारीकातला बारीक ब्रश.

"हा तुमच्या कपाटातून आणला. ताईला म्हटलं, दुरुस्तीला नेतोय." त्याने ब्रश पुढे केला. "आधी याचे डोळे. मग माझी दाढ. हे जमलं तर मी काही विचारणार नाही, कधीच नाही."

"हा काय पोरखेळ आहे?"

"आहेच. गेली पंधरा वर्षं खेळतोय आपण."

डॉक्टरांनी बारकं दिसायचा चष्मा लावला. सेनापतीचं तोंड एकदम मोठं झालं, भिंतीएवढं, आणि त्यावर कुठेच काही नव्हतं. कोपर पोटाशी दाबलं, मनगट टेबलाच्या कडेला, श्वास रोखला. ब्रशचं टोक चेहऱ्यासमोर आलं आणि नाचू लागलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मग टोक फिरत फिरत बरोबर डोळ्याच्या जागी आलं, आणि त्या क्षणी त्यांनी ते टेकवलं.

एक बुबुळ. गोल, रेखीव, जागच्या जागी. सेनापती एका डोळ्याने त्यांच्याकडे बघू लागला.

मेहुण्याने मान पुढे काढून पाहिलं आणि त्याचे खांदे एकदम सैल पडले. "वा! अहो, वा! उगीच माझा जीव टांगणीला लावलात. एका डोळ्यावर मानलं. दुसरा राहू द्या." तो खुर्चीत मागे रेलला. "करा सुरू. पण इंजेक्शन सांगून द्या हं." आणि त्याने डोळे मिटले आणि आ केला.

झालं होतं. परीक्षा झाली, पास झाले, परीक्षक स्वतः तोंड उघडून पडला होता. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. दिवा त्याच्या तोंडावर ओढला. ती दाढ दिसत होती, काळी, कडेला फुगलेली हिरडी. तिच्या खाली कुठेतरी ती नस. त्यांनी इंजेक्शन उचललं.

आणि त्यांना कळत होतं की तो डोळा त्यांनी काढलेला नाही. हात इकडून तिकडे जात होता; जाताना वाटेत डोळा लागला; त्यांनी गाठला. बसथांब्यावर उभं राहून बस गाठावी तसा. नेम असा त्यात नव्हताच. ही गोष्ट या खोलीत फक्त त्यांना माहीत होती. ती माहीत असलेला माणूस इंजेक्शन घेऊन उभा होता, आणि ती माहीत नसलेला माणूस डोळे मिटून पडला होता. सुईचं टोक दिव्यात चमकत होतं, आणि चमक एका जागी नव्हती.

डॉक्टरांना आजवर वाटत आलं होतं की सगळ्यात भयंकर म्हणजे कुणाला तरी कळणं. आता ज्याला कळलं होतं त्यालाच ते फसवायला निघाले होते, आणि तो फसला होता. याची भीती त्या दुसऱ्या भीतीहून मोठी निघाली.

"ऊठ," ते म्हणाले.

मेहुण्याने एक डोळा उघडला. "आँ?"

"ऊठ म्हणतो ना. तो डोळा चुकून जमलाय. मी काढला नाही, लागला." त्यांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं, ते स्टीलवर खडखडलं. "मी तुझ्या तोंडात हात घालणार नाही. आज कुणाच्याच नाही."

मेहुणा उठून बसला. गळ्यात रुमाल, सुजलेला गाल, केस उभे. थोडा वेळ दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही सेनापतीकडे, जणू त्याला काही सुचेल.

"सिस्टर," डॉक्टरांनी हाक मारली. आवाज बराचसा त्यांचाच होता. "बाहेर जे बसलेत त्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. नको, थांबा. माझ्या मित्राचा पत्ता द्या. आणि याला आधी घ्या म्हणावं, हा पळून जाणारा पेशंट आहे."

"आणि तुम्ही, सर?"

"मी वरच्या मजल्यावर जाऊन येतो."

तो एक जिना डॉक्टरांनी इतक्या सावकाश चढला की मधल्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या पुढे निघून गेले.

नसांच्या डॉक्टरांनी बोटं नाचवायला लावली, रेघ ओढायला लावली, चालायला लावलं, चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही, आणि उद्या दोन तपासण्या करू म्हणाले. "दोन शक्यता आहेत," असंही म्हणाले. कोणत्या, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक होत्या. एकीच्या बरोबर निभावता येतं, दुसरीच्या बरोबर वडील राहिले होते.

संध्याकाळी मेहुणा अर्धं तोंड बधिर घेऊन आला. त्याला बोलता येत नव्हतं, त्यामुळे तो सारखा बोलत होता. सेनापती त्याने फडताळावर, घड्याळाशेजारी उभा केला. बायकोने चहा आणला. डॉक्टरांचा कप नेहमीसारखा अर्धा.

डॉक्टर सकाळपासून घोकलेली वाक्यं एकदम विसरले.

"भरून दे ना," ते म्हणाले.

"सांडेल," बायको म्हणाली.

एकच शब्द. मग तिलाच आपण काय बोललो ते कळलं आणि ती ट्रे तसाच धरून उभी राहिली. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून गेल्या कित्येक महिन्यांचे अर्धे कप रांगेने गेले.

"तुला माहीत होतं?"

"पोरांचे हात बघत आयुष्य गेलं माझं. कोण कॉपी करतंय ते मला हातावरून कळतं." तिचा वर्गातला आवाज वर्गाबाहेर पडल्यासारखा बारीक झाला होता. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगतील. मग वाटायला लागलं, नकोच सांगू देत. मलाही भीती वाटत होती हो."

मेहुणा काहीतरी म्हणाला. बहुधा "ताई" असं. त्याच्या ओठातून ते भलतंच निघालं, पण कुणी हसलं नाही.

"उद्या तपासण्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "सकाळी."

"रजा टाकते."

"सांडू दे. भर."

तिने किटली उचलली आणि कप काठापर्यंत भरला. डॉक्टरांनी उजवा हात पुढे केला, मग डावाही. कप बशीवरून उठताना बशीवर वाजला. बारीक, भराभर, ओळखीचा आवाज. तो या घरात किती वर्षांनी येत होता ते डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघंही जाणत होती. फडताळावरून सेनापती एका डोळ्याने बघत होता. चहा काठावरून ओघळला, बोटांवर आला, भाजला. डॉक्टरांनी कप खाली ठेवला नाही.